एकाच तिकिटावर दोन रांगा

मागच्या वर्षी अमेरिकेतल्या एका विमानतळावर ताई आणि मी एकत्रच पोहोचलो. तिकिटं एकाच वेळी काढलेली, सीट शेजारशेजारच्या. सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईने दोघींचे बोर्डिंग पास पाहिले, ताईला डावीकडे पाठवलं आणि मला उजवीकडे. डावीकडे सात-आठ माणसं होती. उजवीकडे पट्टे लावून केलेली नागमोडी रांग, गणपतीत मंडळाच्या दारात असते तशी. मी जॅकेट उतरवलं, लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवला, क्रीम-शाम्पूच्या बाटल्यांची पारदर्शक पिशवी वर काढली. तरी बॅग बाजूला ओढली गेलीच. आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा एक्स-रेमध्ये कुणालातरी खटकला होता. त्या माणसाने हातमोजे घालून डबा उघडला, कडेने एक पांढरी चिंधी फिरवली, ती यंत्रात सरकवली, हिरवा दिवा लागल्यावर झाकण लावून डबा परत दिला. लाडू कशाचे हे त्याने विचारलं नाही, मला मात्र सांगायची फार इच्छा होती.

पलीकडे पोहोचले तेव्हा ताई दोन कॉफ्या घेऊन बसली होती. तिची संपत आलेली, माझी गार झालेली.

"कितीला पडतं गं हे व्हीआयपी?" मी विचारलं.

"व्हीआयपी कसलं? माझी चौकशी आधीच झालीय, एवढंच."

तिच्या या एका वाक्यात सगळा विषय आला. आपल्याकडे शिर्डीला जास्तीचे पैसे भरून पुढच्या रांगेतून दर्शन घेता येतं, त्यामुळे छोटी रांग दिसली की आपण पैशाचाच हिशोब मांडतो. विमानतळावरच्या 'ट्रस्टेड ट्रॅव्हलर' म्हणजे भरवशाच्या प्रवाशांच्या योजनांचा हिशोब वेगळा आहे. तिथे तुमची तपासणी कमी होत नाही. ती प्रवासाच्या कितीतरी आधी होते, निवांतपणे, कागदावर आणि बोटांच्या ठशांवर. विमानतळावर उरते ती फक्त 'हा तोच माणूस ना' याची खातरजमा.

आधी रांगा मोजा

या योजनांबद्दल सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो विमानतळावरची रांग एकच असते असं धरून चालल्याने. परदेशी निघालात तर आपल्या विमानतळावर चार रांगा लागतात. पहिली दारावर, तिथे सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. दुसरी विमान कंपनीच्या काउंटरवर, बॅगा द्यायला. तिसरी इमिग्रेशनची, तिथे पासपोर्ट तपासला जातो. चौथी सुरक्षा तपासणीची, ट्रे आणि अंगझडतीची. तिकडे उतरल्यावर पुन्हा इमिग्रेशन, मग बॅगा, मग कस्टम्स. पुढे देशांतर्गत विमान असेल तर पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी.

प्रत्येक योजना यातली एखादीच रांग कापते, फार तर दोन. डिजीयात्रा हे चेहरा ओळखणारं ॲप देशांतर्गत प्रवासात दारावरची रांग कापतं आणि सुरक्षा तपासणीच्या दारापर्यंत नेऊन सोडतं. भारत सरकारची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन तिसरी कापते. अमेरिकेची 'टीएसए प्रीचेक' तिथली सुरक्षा तपासणी हलकी करते आणि 'ग्लोबल एंट्री' तिथलं इमिग्रेशन. आपली डोकेदुखी नेमकी कोणती हे न पाहता अर्ज केला, की मग "एवढं करून काय उपयोग झाला?" असं म्हणायची वेळ येते. माझ्या ओळखीचे एक काका डिजीयात्रा घेतल्यावर सीआयएसएफच्या जवानाशी वाद घालत होते की आता माझी झडती कशी काय घेता. झडती सगळ्यांचीच होते.

ही कल्पना आली कुठून

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत सव्वादोन महिन्यांत विमानतळ सुरक्षेसाठी टीएसए ही स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. त्याच डिसेंबरमध्ये एकाने बुटात स्फोटकं लपवून विमानात प्रवेश केला. पुढे सगळ्यांनाच बूट काढावे लागू लागले. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी पाडायचा कट उघडकीस आला आणि १०० मिलिलिटरची मर्यादा आली. प्रत्येक घटनेनंतर एक नियम वाढत गेला आणि तो सरसकट सगळ्यांना लागला. एका माणसाने बूट वापरला म्हणून कोट्यवधी लोक मोज्यांवर चालले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच.

मग उलटा विचार सुरू झाला. गवताच्या गंजीत सुई शोधायची तर प्रत्येक काडी उलटून पाहण्यापेक्षा गंजीच लहान केलेली बरी. जे लोक आपणहून आपली सगळी माहिती, ठसे आणि पूर्वेतिहास द्यायला तयार आहेत त्यांना तपासून बाजूला काढा, म्हणजे तपासनीसांना उरलेल्यांकडे नीट पाहता येईल. याला जोखमीनुसार तपासणी म्हणतात. ग्लोबल एंट्री २००८ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, प्रीचेक २०११ मध्ये. आज प्रीचेकचे सदस्य २ कोटींच्या वर आहेत, म्हणजे ती रांगसुद्धा कधीकधी बऱ्यापैकी लांब असते.

आपल्याकडचं काय

देशातल्या देशात फिरणाऱ्यांसाठी डिजीयात्रा. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीपासून सुरुवात झाली, २०२३ मध्ये पुणे आणि मुंबई आली, २०२४ मध्ये गोव्याचं दाबोळी. फोनवर ॲप घ्यायचं, डिजिलॉकरमार्फत आधार जोडायचं, सेल्फी काढायचा. त्यानंतर प्रत्येक प्रवासाला वेब चेक-इन करून मिळालेला बोर्डिंग पास ॲपमध्ये टाकायचा. हे 'प्रत्येक प्रवासाला' लोक विसरतात. ॲप आहे म्हणून दारावर जाऊन कॅमेऱ्यापुढे उभे राहतात आणि झडप काही उघडत नाही. बोर्डिंग पास टाकलेला असेल तर कॅमेरा चेहरा पाहतो, झडपा बाजूला होतात, तुम्ही आत. सुरक्षा तपासणीच्या दाराशी पुन्हा तसंच. त्यापुढे ट्रे, लॅपटॉप, हातातला धातुशोधक, सगळं इतरांसारखंच.

मी पुण्याहून दिल्लीला कामासाठी जाते तेव्हा हे वापरते. सकाळी सहाच्या विमानांच्या गर्दीत दारावरची दहा-पंधरा मिनिटं सहज वाचतात. दुपारी जा, दोन्ही रांगा सारख्याच. आणि एक गंमत, एकाच कुटुंबातले चौघं असतील आणि तिघांकडेच ॲप असेल, तर ते तिघं आत जाऊन चौथ्याची वाट पाहत उभे राहतात.

ही योजना 'भरवशाचा प्रवासी' या अर्थाने नाहीच खरं तर. तुमचा पूर्वेतिहास कुणी तपासत नाही. तुम्ही तेच आहात एवढंच चेहऱ्यावरून ठरतं. चालवणारी डिजीयात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी आहे, तिच्यात विमानतळ प्राधिकरण आणि काही मोठे विमानतळ भागीदार आहेत. अधिकृत भूमिका अशी की तुमची ओळख तुमच्या फोनमध्येच राहते आणि विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते. तरीही ज्यांना चेहरा द्यायचा नाही त्यांनी देऊ नये. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कुठून बदलणार? ही सोय ऐच्छिक आहे, ओळखपत्र दाखवून जायची रांग प्रत्येक विमानतळावर असते. दारावर कुणी "इकडे बघा" म्हणत कॅमेरा पुढे केला, तर "मला साध्या रांगेने जायचंय" एवढं म्हणणं पुरतं.

परदेशी जाणाऱ्यांसाठीची योजना नवी आहे, आणि तिची माहिती अजून फारशी पसरलेली नाही याचं मला नवल वाटतं, कारण ती चक्क फुकट आहे. 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम' असं तिचं लांबलचक नाव. २२ जून २०२४ ला दिल्लीच्या टर्मिनल तीनवर सुरू झाली. १६ जानेवारी २०२५ ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद हे सात विमानतळ जोडले गेले, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी पाच. त्या यादीत पुणे आणि गोवा नव्हते, त्यामुळे पुण्याहून थेट दुबईला जाणाऱ्याला तूर्त याचा उपयोग नाही. मुंबईहून जाणाऱ्याला आहे.

कोणाला मिळते? भारतीय नागरिकांना आणि ओसीआय कार्डधारकांना. म्हणजे अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेल्या पण ओसीआय कार्ड असलेल्या मराठी माणसालाही मुंबईत उतरल्यावर ती वापरता येते. अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा. फोटो, पासपोर्टची पानं आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, ओसीआयवाल्यांनी ते कार्डही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मग पडताळणी होते. इथे खरोखरच तुमचा पूर्वेतिहास पाहिला जातो. मंजुरी आली की वेळ घेऊन बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात किंवा ठरावीक विमानतळांवर. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालते. त्यामुळे पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर आधी तो नवा करून घ्या आणि मग अर्ज करा, नाहीतर केलेले कष्ट वर्षभरच पुरतील.

विमानतळावर विमान कंपनीकडून बोर्डिंग पास घेतला की साध्या इमिग्रेशनऐवजी ई-गेटकडे वळायचं. पास आणि पासपोर्ट स्कॅन केला की पहिली झडप उघडते, दोन झडपांच्या मधल्या जागेत उभं राहिलं की यंत्र ठसे-चेहरा जुळवतं, दुसरी उघडते. झालं इमिग्रेशन. सगळं सुरळीत असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम. मध्यरात्री दोन-तीनच्या सुमाराला, युरोप-आखाताची विमानं एकापाठोपाठ एक सुटत असताना ज्याने मुंबईत इमिग्रेशनची रांग पाहिलीय, त्याला या अर्ध्या मिनिटाची किंमत वेगळी सांगायला नको.

एक मोठी अडचण मात्र आहे, वयाची. १२ ते ७० वर्षांच्या माणसांनाच अर्ज करता येतो. आमची आई ७१ ची. म्हणजे ज्या पिढीला लांब रांगेत उभं राहणं सगळ्यात जड जातं, तीच बाहेर. मग काय होतं? मुलं परस्पर व्हीलचेअर सांगून ठेवतात. अमेरिकेला निघालेल्या कुठल्याही विमानाच्या दाराशी बघा, व्हीलचेअरची रांग लागलेली असते आणि तिच्यातले निम्मे आजी-आजोबा रोज सकाळी टेकडीला जाणारे असतात. त्यांना चालायची भीती नसते. इमिग्रेशन अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलेलं समजलं नाही तर काय, ही भीती असते. ते मला पूर्ण कळतं. पण ज्यांना खरोखर चालता येत नाही त्यांना त्यामुळे खुर्चीसाठी ताटकळावं लागतं, हेही डोळ्यांनी पाहिलंय.

अमेरिकेत: प्रीचेक की ग्लोबल एंट्री

प्रीचेक म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळांवरची हलकी सुरक्षा तपासणी. लॅपटॉप बॅगेत राहतो, बाटल्यांची पिशवी बॅगेत राहते, पातळ जॅकेट आणि पट्टा अंगावर राहतो. पूर्वी यात बूट न काढणं हे मोठं आकर्षण होतं. जुलै २०२५ पासून टीएसएने सगळ्यांचेच बूट पायात राहू दिले, त्यामुळे प्रीचेकचा तोरा थोडा कमी झालाय. पाच वर्षांचे सुमारे ८० डॉलर पडतात.

ग्लोबल एंट्री म्हणजे परदेशातून अमेरिकेत शिरताना लागणारं इमिग्रेशन झटपट. यंत्रासमोर उभं राहायचं, फोटो निघतो, अधिकारी एखादा प्रश्न विचारतो किंवा विचारतही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिचं शुल्क १२० डॉलर आहे, मुदत पाच वर्षांचीच. आणि ग्लोबल एंट्री घेतली की प्रीचेक त्यात आपोआप येते.

आता आपल्या लोकांसाठी कळीचा मुद्दा. थेट प्रीचेकचा अर्ज फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना करता येतो. एच-वन-बी वर काम करणाऱ्या, ग्रीनकार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या मराठी मुलामुलींना ते दार बंद आहे. पण ग्लोबल एंट्रीचं दार भारतीय नागरिकांसाठी जुलै २०१७ पासून उघडं आहे. म्हणजे समोरच्या दाराने प्रीचेक मिळत नाही, पण ग्लोबल एंट्रीतून वळसा घालून तीच प्रीचेक हातात पडते. आमच्या ताईने तेच केलं. तिच्या ऑफिसातल्या दोन मुलांना हे माहीत नव्हतं. "आपल्याला नाही मिळत" असं कुणीतरी सांगितलेलं, त्यांनी मान डोलावलेली. फक्त पर्यटक व्हिसा असलेला आणि भारतात राहणारा माणूसही अर्ज करू शकतो. वर्षातून दोन-तीनदा कामासाठी जाणाऱ्याला ते परवडतं. पाच वर्षांतून एकदा नातवंडाला भेटायला जाणाऱ्याने १२० डॉलर त्या नातवंडावर खर्च करावेत.

अर्ज ऑनलाइन असतो. गेल्या काही वर्षांतले पत्ते, नोकऱ्या, परदेश प्रवास सगळं विचारतात. भारतीय नागरिकांची चौकशी अमेरिकेबरोबर भारताच्या बाजूनेही होते, म्हणून आपला अर्ज अमेरिकनांपेक्षा जास्त काळ लटकतो. नाकारला गेला तर पैसे परत मिळत नाहीत. सशर्त मंजुरी आली की मुलाखत. पूर्वी मुलाखतीची वेळ मिळवणं म्हणजे लग्नसराईत मंगल कार्यालय मिळवण्यासारखं होतं. आता सुटसुटीत वाट आहे. सशर्त मंजुरी हातात असताना परदेशातून अमेरिकेत उतरलात, तर बहुतेक मोठ्या विमानतळांवर इमिग्रेशनच्या वेळीच मुलाखत उरकून घेता येते, आधी वेळ ठरवावी लागत नाही. ताईची तशीच झाली. किती वेळा येता-जाता, कधी अटक झाली होती का, कस्टम्समध्ये कधी दंड झालाय का, असे चार प्रश्न आणि दहा बोटांचे ठसे.

बायको-मुलांचं काय? इथे दोन योजनांचे नियम वेगळे आहेत. प्रीचेकच्या रांगेत १२ वर्षांपर्यंतचं मूल आईवडिलांबरोबर तसंच जाऊ शकतं. ग्लोबल एंट्रीत मात्र कडेवरच्या तान्ह्या बाळालाही स्वतःची नोंदणी लागते. आईवडील सदस्य असतील तर १८ वर्षांखालच्या मुलांचं शुल्क माफ आहे, पण अर्ज प्रत्येकाचा वेगळाच. नवऱ्याची सवलत बायकोला चालत नाही आणि बहिणीची बहिणीला तर नाहीच, हे मी गार कॉफी पिऊन शिकले.

अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांसाठी एक जोड. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच होतं. ग्लोबल एंट्री तिथेही चालते, आणि अमेरिकेत उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. 'क्लिअर' नावाची खाजगी सेवाही अमेरिकेत दिसेल, तिचे कर्मचारी बहुतेक वेळा प्रीचेकच्या शेजारीच उभे असतात. ती फक्त ओळखपत्र दाखवायची रांग वाचवते, पुढची तपासणी तशीच, आणि तिला वर्षाला दोनशे डॉलरच्या आसपास पडतात. मला तो सौदा पटला नाही. कॅनडा-अमेरिका सीमा वारंवार ओलांडणाऱ्यांसाठी 'नेक्सस' आहे, पण ती मुख्यतः त्या दोन देशांच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना.

नावात बरंच काही असतं

नोंदणी झाली, नंबर मिळाला, तरी ताईच्या पहिल्याच प्रवासात बोर्डिंग पासवर प्रीचेकचं चिन्ह उमटलं नव्हतं. ग्लोबल एंट्रीचं कार्ड पर्समध्ये होतं, तिने ते दाखवलंही. उपयोग शून्य, कारण त्या रांगेत कार्ड चालत नाही, पासवर चिन्ह लागतं. आणि चिन्ह उमटायचं तर तिकीट काढताना 'नोन ट्रॅव्हलर नंबर' नावाच्या रकान्यात कार्डाच्या मागचा क्रमांक भरावा लागतो, आणि तिकिटावरचं नाव, जन्मतारीख नोंदणीशी तंतोतंत जुळावी लागते.

इथेच आपली मराठी नावं आडवी येतात. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन पदरी पद्धत. पासपोर्टवर रकाने दोनच: एक आडनावाचा, एक दिलेल्या नावाचा. त्यामुळे वडिलांचं नाव आपल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतं. पासपोर्टवर 'स्नेहल विजय', पुढे आडनाव. अमेरिकेत आल्यावर ताईने सगळीकडे नुसतं 'स्नेहल' लिहायला सुरुवात केली. ग्लोबल एंट्रीच्या अर्जात पासपोर्टप्रमाणे 'स्नेहल विजय', तिकिटावर 'स्नेहल'. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. शिवाय विमान कंपन्या पासवर सगळं एकत्र चिकटवून 'स्नेहलविजय' असं छापतात, ते पाहून घाबरायचं कारण नाही, ते जुळतं.

लग्नानंतर नाव बदललेल्यांचा गुंता याहून मोठा. पासपोर्टवर माहेरचं, आधारवर सासरचं, तिकीट नवऱ्याने काढलेलं आणि त्याने प्रेमाने तिसरंच काहीतरी लिहिलेलं. डिजीयात्रेतसुद्धा आधारवरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव जुळलं नाही तर अडतं. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे: जी नोंदणी ज्या कागदावर केली, तिकीटही त्याच कागदावरच्या नावाने काढायचं. परदेश प्रवासाला पासपोर्टप्रमाणे, देशांतर्गत डिजीयात्रेला आधारप्रमाणे. नवा पासपोर्ट आला की ग्लोबल एंट्रीच्या खात्यातही तो बदलून घ्यायचा, नाहीतर यंत्र ओळखच देत नाही.

काहींना याच्या उलट त्रास होतो. दर वेळी बोर्डिंग पासवर चार 'एस' छापून येतात आणि कसून झडती होते. कधी ती निव्वळ योगायोगाने निघालेली चिठ्ठी असते, पण दर वेळी होत असेल तर नाव संशयितांच्या यादीतल्या कुणाशी तरी मिळतंजुळतं असू शकतं. अशांसाठी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडे तक्रार निवारणाची सोय आहे. तिथून एक क्रमांक मिळतो, तो तिकीट काढताना भरला की 'तो मी नव्हेच' हे आधीच कळतं. आणि प्रीचेक असूनही अधूनमधून कुणाला ना कुणाला कडक तपासणीसाठी बाजूला घेतलं जातंच. पुढचा माणूस कधी बाजूला काढला जाईल हे कुणालाच सांगता येऊ नये, म्हणूनच ते करतात.

मिळालेलं जातं कसं

ही सवलत काढून घेतली जाऊ शकते, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत ती जाण्याची जागा म्हणजे खाण्याची बॅग. अमेरिकेत शिरताना शेतीमाल जाहीर करावा लागतो. फळ, भाजी, बी-बियाणं, पानं. हापूसची पेटी तर सोडाच, प्रवासात खायला घेतलेलं सफरचंद बॅगेत विसरलं तरी तो न जाहीर केलेला शेतीमाल ठरतो. साध्या प्रवाशाला दंड होतो, ग्लोबल एंट्रीवाल्याला दंडाबरोबर सदस्यत्वही गमवावं लागू शकतं. "तुला आम्ही आधी तपासून भरवसा ठेवला आणि तू सांगितलं नाहीस" असा त्यांचा रोख असतो. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ते ती काढून घेतात, टाकून देतात, विषय संपतो. दंड वस्तू आणल्याचा नसतो, लपवल्याचा असतो.

सगळ्यात जास्त अडकवणारी वस्तू कढीपत्ता. लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग लावणारा एक बारीक किडा त्या पानांवर राहतो. फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा त्या रोगाने उजाड झाल्यात, म्हणून तिथे कढीपत्त्याकडे आपण कल्पनाही करू शकणार नाही इतक्या गांभीर्याने पाहतात.

पुढच्या महिन्यात आई ताईकडे चाललीय. व्हीलचेअर नको म्हणाली, रांगेत उभी राहीन म्हणाली. परवा बॅग भरताना मेतकूट, भाजणी, गोडा मसाला अशी पाकिटं मी एकेक करून बघत होते, तर गोड्या मसाल्याच्या मागे वर्तमानपत्राची एक पुडी निघाली, अंगणातल्या झाडाची, वास लपत नव्हता.

"अगं, हा वाळवलेलाय," आई म्हणाली.

मी पुडी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. आई काही बोलली नाही. आज सकाळी बॅगेचं वजन करायला घेतलं, तर चारशे ग्रॅम जास्त भरलं.